खडीच्या उतारावर ‘मार’

सकाळी सव्वाआठला, सायकलच्या हँडलवर बसवलेल्या चार बोटं रुंद यंत्राने मला सांगितलं की मी रस्ता चुकलो आहे आणि योग्य रस्ता इथून जवळजवळ सात हजार किलोमीटरवर आहे. मी त्याला टिचकी मारली, बंद करून चालू केलं. ते आपल्या मतावर ठाम. शेजारी माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एक पाय टेकून सायकलवर उभा होता. त्याने मान वाकडी करून पडद्यात पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, ह्ये इटली हाय.”

इटलीच होती. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे जाणार होतो. सहा दिवस, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून, खडीच्या रस्त्यांवरून सायकलने. त्या सहाही दिवसांचे नकाशे मी हौसेने यंत्रात भरून ठेवले होते. त्या शनिवारचा सराव मात्र कॅनडात, नायगाराच्या बाजूच्या द्राक्षमळ्यांत होता, आणि तो नकाशा भरायचा राहिला होता. ऑफिसात कोणी चुकीची फाईल चढवली तर मी त्याला बाजूला घेऊन सौम्य शब्दांत झापतो. इथे झापायला कोणी नव्हतं. मेहुण्याने आपला फोन काढला आणि तो पुढे निघाला.

पन्नाशीनंतर माणसं एकतर अध्यात्माकडे वळतात नाहीतर खडीकडे. मी खडीकडे वळलो. चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम शेतातल्या, मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटांवरून सायकल हाकायची, याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी सायकल घ्यावी लागते, हे मला इथे मिल्टनला घर घेतल्यावर शेजाऱ्यामुळे कळलं. मग मी इटलीचे व्हिडिओ बघायला लागलो. पांढऱ्या मातीचे रस्ते, कडेला सरूची उंच झाडं, टेकडीच्या माथ्यावर दगडी गाव, आणि चढ संपला तरी कपाळावर घामाचा थेंब नसलेला सायकलवाला. बायको मागून जाता जाता एकदा थांबली, बघितलं आणि म्हणाली की खडी आणि द्राक्षं दोन्ही आमच्या तासगावला फुकट होती, तेव्हा माझ्या माहेरी यायला तुमची कंबर दुखायची.

मेहुणा त्याच तासगावचा. वडिलांची द्राक्षबाग, हा मेकॅनिकल इंजिनियर, आता किचनरजवळ एका कारखान्यात कामाला. चाळिशीला आलेला, वर्क परमिटवर. त्याच्या पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याची फाईल त्या सप्टेंबरात शेवटच्या तपासणीला लागली होती. तिकडे सांगलीला त्याच्या बायकोची कॉलेजातली पक्की नोकरी. तिने स्पष्ट सांगितलं होतं, कागद हातात पडल्याशिवाय ती राजीनामा देणार नाही. म्हणून दोन वर्षं हा माणूस आमच्या बेसमेंटमध्ये एकटा राहत होता आणि रोज सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी फाईलची स्थिती बघत होता. पोलिसांशी कसलाही संबंध येऊ नये म्हणून तो रिकाम्या रस्त्यावर, पायी चालतानासुद्धा सिग्नलला थांबायचा. एखादा गुन्हा नोंदला गेला तर फाईल थांबते, कधीकधी कायमची, हे त्याला आणि त्याच्यामुळे आमच्या सगळ्या घराला पाठ होतं.

सराव करताना आमची एक भाषा तयार झाली होती. मेहुणा पुढे, मी मागे. तो तरुण म्हणून पुढे, आणि मला चष्म्याशिवाय लांबचंच नीट दिसतं म्हणून मी मागे, असं मी लोकांना सांगतो. उतारावर मागचा माणूस उंचावर असतो, त्याला पुढचं आधी दिसतं. म्हणून मी ओरडून सांगायचं : खड्डा, कुत्रं, गाडी. आणि ‘ब्रेक मार’. यातल्या ‘ब्रेक’मध्येच माझा दम संपायचा आणि ‘मार’ घशात राहायचा, तोवर मेहुणा खड्ड्यात. म्हणून आम्ही ‘ब्रेक’ काढून टाकला. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर अनावश्यक ते उडवायची सवय लागतेच. उरलं नुसतं ‘मार’. छोटं, खणखणीत, वाऱ्यातही ऐकू जाणारं. या सुधारणेचा मला अभिमान होता.

तर त्या शनिवारी नऊपर्यंत माझं एकदा रक्त काढून झालं होतं. या सायकलींचे बूट पायडलमध्ये खटकन अडकतात आणि थांबण्याआधी टाच बाहेर वळवून सोडवावे लागतात. एका ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीपाशी मी कायद्याचा मान राखून थांबलो, पण बूट सोडवायचे विसरलो. उभ्याउभ्या, अगदी सावकाश, तोडलेल्या झाडासारखा उजवीकडे आडवा झालो. कोपरावर. खडी कातडीत शिरते तेव्हा जळत नाही, आधी गार लागतं. मग बाही वर करून बघितलं तर कोपराच्या जागी डाळिंब फोडून ठेवलेलं. समोर गाडीत बसलेली एक म्हातारी मी रस्ता ओलांडायची वाट बघत होती. मी पडल्यापडल्या तिला हाताने ‘आधी तुम्ही’ केलं.

मेहुण्याने बाटलीतलं पाणी ओतून कोपर धुतलं. हळद असती तर बरं झालं असतं असं तो म्हणाला, आणि आम्ही चढाला लागलो.

इथल्या मळ्यांत त्या दिवसांत तोफा चालतात. खऱ्या नव्हे, गॅसवरच्या. द्राक्षं पिकली की पाखरं तुटून पडतात, त्यांना उडवायला शेतात एक नळकांडं ठेवतात, ते आपोआप ठरावीक वेळाने, किंवा मुद्दाम बेठरावीक वेळाने, बंदुकीसारखा बार काढतं. मला हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि दहा पावलांवर कानाशी तो बार होणं यात अंतर असतं. पहिल्या बाराला मी सरळ नाल्यात गेलो. सायकलसकट, डोकं खाली, काटेरी झुडपात. गालावर चार ओरखडे आणि ओठ दातांखाली सापडलेला. तोंडात रक्ताची लोखंडी चव. वर रस्त्यावर मेहुणा हसत नव्हता, कारण तोही आडवा पडला होता. नंतर तो म्हणाला की आमच्याकडे गोफण असते, पाखरू घाबरतं, माणूस नाही.

पुढे तो मळ्याच्या कडेला दोन-तीनदा उतरला. रस्त्यावर झुकलेलं पान उलटं करून बघायचा, अंगठ्याने पुसायचा. एके ठिकाणी म्हणाला की खालच्या ओळींत दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, शिरलाय, पानं करपायला लागलीत, आठ दिवसांत वर चढेल. त्याचा आवाज तेव्हा बदलला होता. बेसमेंटमधल्या माणसाचा तो आवाज नव्हता. मी त्याला म्हटलं, पाव्हणं, दुसऱ्याच्या मळ्यात डोकं घालू नका, चला. त्याने पान सोडलं आणि सायकलवर टांग टाकली.

मग तो उतार आला.

कड्याच्या माथ्यावरून खाली तळ्यापर्यंत सगळं दिसत होतं. सरळ, तीव्र, सैल खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जाळ्यांखाली झाकलेल्या वेलींच्या ओळी माणसापेक्षा उंच. मेहुणा पन्नास पावलं पुढे, वाकून, सुसाट. मी मागे, दोन्ही ब्रेक चिमटीत धरून, कारण खडीवर ब्रेक जोरात दाबला तर चाक फिरायचं थांबतं, सायकल थांबत नाही. हाडं हलत होती. दात एकमेकांवर आपटत होते. आणि मला डावीकडे, वेलींच्या वरून, एका पिकअपचं छप्पर सरकताना दिसलं. ते ओळींमधल्या वाटेने रस्त्याकडे येत होतं, वेगात. मेहुण्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. गाडीवाल्याला मेहुणा दिसणं शक्य नव्हतं. माझ्या मनात तो अपघात घडूनही गेला, मी तो पाहिला, टायरखालचं सगळं पाहिलं.

“मार!” मी ओरडलो.

त्याने मारला. मागचं चाक आडवं झालं, खडी फवाऱ्यासारखी उडाली, आणि सायकल कुशीवर घसरत जाऊन पिकअपच्या दारावर आदळली. पण चाकाखाली नाही, दारावर. तो उठून बसला. जिवंत होता. मांडी उसवली होती, एक बूट अजून पायडलात अडकलेला, त्यामुळे सायकल पायाला लोंबत होती.

पिकअपचं दुसरं दार उघडलं आणि त्यातून जो माणूस उतरला तो बराच वेळ उतरतच राहिला. साठीचा, मानेला खांद्यापासून वेगळी ओळख नसलेला, हात फावड्यासारखे. त्याने दार बघितलं, मग मेहुण्याला बघितलं. त्याला गळ्याशी धरून उचललं आणि गाडीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मग कोपर गळ्यावर आडवं दाबलं. मान मोडीन, असं तो म्हणत होता, इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द. मेहुण्याचे हात त्याच्या दंडावर फडफडत होते. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग वेगळाच रंग यायला लागला. त्याने मला शोधलं. उतारावर, डोळे फिरवून, मला.

मी अजून तीस पावलं वर होतो.

“मार! मार!”

त्याचे हात अडकलेले होते, पाय अडकलेला होता. सुटं फक्त डोकं होतं, हेल्मेट घातलेलं. त्याने ते मागे नेलं आणि हेल्मेटची कड त्या माणसाच्या नाकावर घातली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. रक्त थेंब थेंब नाही आलं, एकदम आलं, हनुवटीवरून शर्टावर, मेहुण्याच्या तोंडावर. त्या माणसाने मागे एक पाऊल टाकलं आणि नेमका तेव्हाच मी पोचलो. दोन्ही ब्रेक दाबलेले, पुढचं चाक रुतलेलं, मी हँडलवरून उडून खांद्याने त्याच्या गुडघ्यांत. तिघे खाली, वर माझी सायकल.

यापुढचं मी शौर्य म्हणून सांगू शकलो असतो. त्या माणसाने माझ्या बरगडीत बूट घातला, पुन्हा घातला. मेहुणा त्याच्या पाठीवर बसून दोन्ही मुठींनी जिथे मिळेल तिथे मारत होता आणि तोंडाने तासगावच्या बाजारातल्या शिव्या देत होता, ज्या त्याच्या बहिणीने कधी ऐकल्या नसतील असं मला वाटत होतं. मी मूठभर खडी उचलून त्या माणसाच्या तोंडावर फेकली. वारा उलटा होता. ती माझ्याच डोळ्यांत गेली. मग मी आंधळा होऊन हाताला लागेल ते धरलं आणि दातांनी चावलं. ती मेहुण्याची पोटरी होती.

हे सगळं कोणीतरी मरेपर्यंत चाललं असतं असं मला आजही वाटतं. थांबलं ते तोफेमुळे. वेलींमधून बार झाला आणि आम्ही तिघेही एकदम डोक्यावर हात घेऊन खडीत तोंड खुपसून पडलो. ज्याने ती तोफ स्वतः तिथे लावली होती तोसुद्धा. बार विरला. कोणीच उठलं नाही. मग त्या माणसाने कुशीवर होऊन खिशातून फोन काढला आणि पोलिसांना फोन लावला.

पोलीस यायला वीसेक मिनिटं गेली. आम्ही रस्त्याच्या एका कडेला, तो दुसऱ्या कडेला, नाकाला गाडी पुसायचं फडकं लावून. मेहुणा आपल्या हातांकडे बघत होता. मग हळूच त्याने विचारलं की आता फाईल गेली का. मी म्हटलं नाही. त्याने विचारलं, कशावरून.

तो माणूस अधूनमधून आमच्याकडे बघत होता. माझं यंत्र मधोमध पडलं होतं, पडदा तडकलेला, पण त्यावर टेकड्या आणि वळणावळणाची रेघ दिसत होती. त्याने ते पायाने स्वतःकडे ओढलं, बघितलं आणि विचारलं हे काय. मी सांगितलं. त्याने ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाला, त्याचा बाप असल्याच टेकड्या सोडून इथे पळून आला, कारण तिथे मातीपेक्षा दगड जास्त होते, आणि तुम्ही मुद्दाम दगडांवर जाताय. तो थुंकला, लाल. या महिन्यात त्याच्या ओळींमधून चार टोळकी सायकली घालून गेली होती, जाळ्या फाडून. आम्ही पाचवे असं त्याने धरलं होतं.

पोलीस अधिकारी एक तरुण मुलगी होती, पंजाबी, केसांचा घट्ट अंबाडा. तिने आधी तिघांच्या जखमा पाहिल्या, मग त्या माणसाला बोलू दिलं. हेल्मेट काढून बसलेल्या माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, या टकल्याने हुकूम दिला आणि त्या दुसऱ्याने मारलं. त्याच्याकडे पुरावा होता. त्याच्या काचेला लावलेला कॅमेरा. कॅमेऱ्याचं तोंड समोर, त्यामुळे चित्रात नुसते वेल आणि आकाश. पण आवाज सगळा होता.

तिने तो त्याच्या फोनवर तीनदा ऐकवला. वरून, लांबून, एक चिरका आवाज : मार. मग घसरण, पत्रा. मग त्या माणसाने दिलेली मान मोडायची धमकी, घुसमट. मग तोच चिरका आवाज, जवळून : मार, मार. मग ती फांदी मोडल्याचा आवाज. माझा आवाज इतका चिरका आहे हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की आमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ब्रेक लावणे. तिने फोन खाली धरला.

“अंकल जी,” ती हिंदीत म्हणाली, “मार का मतलब मैं भी जानती हूँ.”

मग मी रस्त्याच्या कडेला, एका डोळ्याने, फुटक्या ओठाने, कॅनडाच्या पोलिसाला मराठी क्रियापद शिकवलं. आम्ही मराठी माणसं ब्रेक मारतो, पायडल मारतो. हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, डुलकी मारतो, उडी मारतो, दांडी मारतो, चक्कर मारतो. आम्ही प्रेमाने मारतो, झोपेत मारतो. या शब्दात हिंसा फार थोडी आहे, बाई. मी घामाघूम होऊन उदाहरणं देत होतो आणि ती वहीत काहीतरी लिहीत होती. थाप मारणे हा प्रयोग मी यादीतून गाळला.

तिने मान वर केली. पहिला मार तिला पटला होता. तेव्हा मेहुणा सायकलवर होता, बाजूने गाडी येत होती, ठीक आहे. पण दुसऱ्या वेळी तो सायकलवर नव्हता, त्याला ब्रेक मारायचा प्रश्नच नव्हता. मग तेव्हा कोणाला सांगत होतात?

मेहुणा माझ्याकडे बघत होता. तो माणूसही बघत होता.

खरं सांगायचं तर उत्तर मला माहीत होतं. लिहायला बसलो आहे तर इथे तरी लिहावं. त्या तीस पावलांवरून मला तो माणूस पडलेला हवा होता. रक्तासकट हवा होता. मी आयुष्यात कोणाला थोबाडीतसुद्धा मारलेली नाही, ऑफिसात माझ्यावर ओरडणाऱ्यांना मी स्मितहास्याचा ईमेल पाठवतो, आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून जे निघालं ते ब्रेकसाठी नव्हतं. ते ओरडताना मला बरं वाटलं होतं. फांदी मोडली तेव्हाही बरं वाटलं होतं.

“मला,” मी म्हटलं. “मी स्वतःला सांगत होतो. मी सायकलवर होतो. माझेच ब्रेक लागत नव्हते.”

यातली शेवटची दोन वाक्यं तेवढी खरी होती. माझी सायकल, तिचं वाकलेलं चाक आणि माझा अवतार यांनी तशी साक्ष दिली. तिने विचारलं की मी नेहमी स्वतःशी मोठ्याने बोलतो का. मी म्हटलं, माझ्या बायकोची तक्रारच आहे ती.

ती त्या माणसाला बाजूला घेऊन गेली. बोलणं तुटक ऐकू येत होतं. आवाजात पहिली धमकी त्याची होती. गळ्यावर कोपर त्याचं होतं, मेहुण्याच्या गळ्यावर ते जांभळं उमटलेलं होतं. गुन्हा नोंदवायचा तर दोघांवर नोंदवावा लागेल, नाहीतर सगळ्यांनी हात धुवून घरी जावं आणि दाराचं काय ते विमा कंपन्यांनी बघावं. तो माणूस फडक्याने नाक दाबून दाराचा चेपलेला पत्रा बघायला गेला. त्या वेळात मेहुण्याने माझी मनगटाजवळची बाही धरली होती. इतका मोठा माणूस. मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी तो आला. म्हणाला, या रस्त्यावर पुन्हा दिसू नका. मेहुण्याने माफी मागितली. पुटपुटत, खाली बघत, आणि मग त्याच दमात म्हणाला की खालच्या ओळींत रोग शिरलाय, फवारणी करून घ्या. त्या माणसाने त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता पुन्हा सुरू होतंय. पण तो म्हणाला की त्याला माहीत आहे, तीस वर्षं तो हेच करतोय. मग माझ्याकडे बोट करून मेहुण्याला म्हणाला, याच्या सायकलचे ब्रेक बदल.

अधिकारी मुलीने जाताना माझ्या कोपराकडे बोट दाखवून टाके घालून घ्या म्हटलं. आणि हलक्या आवाजात, हिंदीत, की दुसऱ्या वेळचं तिने माझं ऐकून घेतलंय, इतकंच.

हॅमिल्टन ओलांडून आम्ही गाडीने घराकडे निघालो होतो. दोन सायकली मागे एकमेकींवर खडखडत होत्या. फाईल वाचली होती. पुढे फेब्रुवारीत ती मंजूरही झाली, पण ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. मेहुण्याने काच खाली केली, वर केली. मग समोर बघतच म्हणाला, “दाजी, मला दम नव्हता. डोळ्यापुढं काळं आलं होतं. तुम्ही मार म्हणालात, म्हणून मारलं. मी काय विचार केला न्हाई.” तू बरं केलंस, असंही मला म्हणता आलं नाही आणि मी ब्रेकबद्दल म्हणत होतो, असंही नाही. मी रेडिओ लावला.

घरी बायकोने दार उघडलं, आधी भावाला बघितलं, मग मला, आणि चिमटा, डेटॉल घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. भावाचा पाय आधी. त्याने तिला सगळं सांगितलं, मी गाळलेल्या जागांसकट. पोटरीवरचे दात कोणाचे, हेही. मग तो खाली आंघोळीला गेला आणि माझा नंबर लागला.

ती माझ्या कोपरातून एकेक खडा काढून बशीत टाकत होती. टिण, टिण. मी तिला ब्रेकचं समजावलं. आमची सांकेतिक भाषा, दम, वारा, मागचा माणूस उंचावर, पोलिसाला दिलेली उदाहरणं. ती मान डोलावत होती. एक खडा खोल होता, तो निघेपर्यंत मी बोलायचा थांबलो. तिने तो काढला, दिव्यापुढे धरून बघितला, बशीत टाकला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी नेहमीचा, भाजी काय करू विचारते तसा.

“तो आमच्या वडलांचं सुद्धा ऐकत नाही, तुमचं ऐकतो. पुढच्या वेळी पूर्ण वाक्य बोला. ‘ब्रेक मार’ म्हणा, नाहीतर ‘त्याला मार’ म्हणा. अर्धं वाक्य माझ्या भावावर सोडू नका.”